माळ्यावरचा साचा

पेडणे तालुक्यातील एखाद्या जुन्या घराचा माळा साफ करावयास काढला, की धुळीतून एक वस्तू हमखास वर येते. पायांवर उभी राहणारी भक्कम लाकडी घोडी, तिच्या मध्यभागी एक पोकळ नळा, नळ्याच्या तळाशी बारीक भोकांची चकती आणि वरून दाबावयास एक जाडजूड दांडा. शहरातून सुट्टीला आलेली मुले तिच्याभोवती जमतात आणि तर्क लढवू लागतात. कोणी म्हणतो, हे सुताराचे यंत्र असावे. कोणी म्हणतो, औषधे तयार करण्याचे. एखाद्या चौकस मुलाला तर पूर्वीच्या काळी चोरांची बोटे चिरडण्यासाठी याचा उपयोग होत असावा असेही वाटते. एवढ्यात माजघरातून आजी बाहेर येते, त्या वस्तूकडे पाहून हसते आणि एकच शब्द उच्चारते : ‘शिरवाळे !’

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया. तांदळाचे पीठ आधणात शिजवावयाचे, मळून त्याचे मुटके करावयाचे, ते पुन्हा उकळत्या पाण्यात सोडावयाचे आणि गरम असतानाच या नळ्यात भरून दाबावयाचे. खाली केळीच्या पानावर पांढऱ्याशुभ्र शेवयांचा गुंता उतरतो आणि तो नारळाच्या दुधात गूळ व वेलची घालून केलेल्या रसाबरोबर खातात. मुटका एकदा निवला म्हणजे घट्ट होतो. मग कितीही जोर लावला तरी तो चकतीतून उतरत नाही. म्हणून हे काम झटपट व्हावे लागे आणि त्याला अंगात बळ लागे. साहजिकच जो घरधनी एरव्ही स्वयंपाकघराचा उंबरठा क्वचितच ओलांडी, त्यालाही त्या दिवशी हाक मारली जाई. तो दांड्यावर भार देई, घरातली बाई खाली पान फिरवी आणि मुले पहिल्या घाण्याची वाट पाहत भोवती बसत. एका लाकडी घोडीच्या आधाराने सारे कुटुंब असे चुलीभोवती एकत्र येई.

श्रोतेहो, प्रश्न एवढाच आहे, की माळा साफ झाल्यावर ही घोडी कोठे जाणार ? आजवर तिला साधारणपणे तीन वाटा होत्या. पहिली वाट चुलीत, सरपण म्हणून. दुसरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तिसरी वाट अलीकडची. जुन्या वस्तू विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत ती एखाद्या समुद्रकाठच्या हॉटेलात जाते आणि तेथे रंगरोगण लावून घेऊन दरवाज्याशी शोभेसाठी उभी राहते. तिच्या शेजारी रगडा असतो. त्यात पाणी भरून फुले सोडलेली असतात. तांब्याच्या ज्या भाणात कधी काळी खंडीभर भाताची उकड निघाली, त्या भाणात शोभेचे झाड लावलेले असते. वस्तू वाचतात हे खरे. परंतु पाहुणा त्यांचा फोटो काढतो आणि पुढे जातो. त्या काय होत्या हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारीत नाही.

चौथी वाट वस्तुसंग्रहालयाची. मराठी माणसाला असा संग्रह म्हटला की पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवते. दिनकर गंगाधर केळकर या रसिक गृहस्थांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि सामान्य घरातील वस्तूलाही इतिहासात जागा असते हे लोकांना दाखवून दिले. गोव्यात याच जातीचे काम बाणावली येथे झाले आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स या चित्रकाराने पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांतून शेतीची अवजारे, भांडी, मापे, जाती, घाणे असे जे मिळेल ते वेचले. त्याच घरांच्या दारेखिडक्या वापरून इमारत उभी केली आणि तिला ‘गोवा चित्र’ हे नाव दिले. तेथील वस्तूंची संख्या चार हजारांहून अधिक आहे. लोटली येथे १९९५ साली उभारलेल्या ‘अँसेस्ट्रल गोवा’ या स्थळी जुन्या गावातील कारागिरांच्या प्रतिमा मांडून ठेवल्या आहेत. आणि २०२१ साली कांदोळी येथे तर केवळ मद्याच्या परंपरेला वाहिलेले संग्रहालय निघाले. तेथे फेणीच्या जुन्या काचेच्या बरण्या व मापे ठेवलेली आहेत.

पेडण्याच्या माणसाने बाणावलीला जावयाचे म्हणजे गोव्याचे एक टोक सोडून दुसरे गाठावयाचे. वाटेत शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. परंतु संग्रहालयाच्या दारातून आत पाऊल टाकताच त्याला आपण परत आपल्याच परसात आलो असे वाटू लागते. पहिला उद्गार बहुधा ‘हे तर आमच्या घरी होते !’ असाच असतो. त्या उद्गारात आनंद असतो. पण ‘होते’ या शब्दाने त्या आनंदाला थोडीशी कातर लागते.

नारळ खोवण्याची साधी विळी घ्या. लाकडी पाट, त्यावर बसविलेले पाते आणि पात्याच्या टोकाला दातेरी खोवणी. पेडण्याची बाई तिला ‘आडाळो’ म्हणेल, तर बाणावलीची ‘आदोळी’ म्हणेल आणि घाटावरचा पाहुणा दोघींनाही ‘विळी’ असे सांगेल. वस्तू एक, काम एक. पण तीन नद्या ओलांडताना नावाने आपले रूप पालटले. एखादा पाट घोड्याच्या आकाराचा असतो, एखादा कासवाच्या, एखादा नुसताच ओबडधोबड ओंडका. पाट कितीही निराळे असले, तरी ज्या जागी बसून त्या घरातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या नारळ खोवला, ती जागा झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली असते. सुताराने तो पाट एकदाच घडविला. पुढे घरातल्या बायांनी तो रोज थोडा थोडा घडविला.

पुढे मापांची ओळ लागते. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी हे कोष्टक पाठ करण्यात मागच्या पिढीच्या मुलांचे बालपण गेले. आज किलोग्रॅमच्या काळात ही लाकडी व पितळी मापे पाहणाऱ्याला खेळण्यांसारखी वाटतात. परंतु त्यांच्यात एक बारकावा दडलेला आहे. ही मापे वजनाची नव्हेत, आकारमानाची होती. म्हणून धान्य मोजताना काठाशी हात फिरवून सपाट मोजावयाचे की वर शीग ठेवून मोजावयाचे, यावर घेणाऱ्या-देणाऱ्याचे सारे नशीब अवलंबून असे. खंड घेताना शिगोशीग आणि मजुरी देताना काठोकाठ मोजणारे हात जुन्या काळी कमी नव्हते. ‘शिगोशीग’ हा शब्द आज आपण नुसता ‘भरपूर’ या अर्थी वापरतो. त्या शिगेत कुणाच्या तरी घरची दोन मुठी पेज असे, हे त्या मापापुढे उभे राहिल्यावर ध्यानात येते.

एका कोपऱ्यात माडावर चढणाऱ्या रेंदेराची आयुधे दिसतात. कंबरेला बांधावयाची धारदार काती आणि सूर साठविण्यासाठी वाळवून पोखरलेला दुध्या भोपळा, म्हणजे दुदीण. हे पात्र हलके असते, पडले तरी मातीच्या भांड्यासारखे सहजी फुटत नाही आणि परसात वेलावर फुकट पिकते. माडाच्या उंचीवर एका हाताने झावळीचा आधार घेणाऱ्या माणसाला याहून सोयीचे भांडे कोणत्या कारखान्याने दिले असते ? त्या दुदिणातून उतरलेल्या सुरीचा गूळ होई, शिर्का होई. तिनेच पोदेराच्या पावाचे पीठ फुगे आणि सान्नांना जाळी पडे. सकाळी पावात आणि सणाला सान्नात जे दिसे, त्याची सुरुवात पहाटे माडाच्या शेंड्यावर झालेली असे. पावसाळ्यात शेवाळलेल्या माडावर चढण्यात रोज जिवाची बाजी लागे, हे मात्र त्या भोपळ्याच्या सुबक आकारावरून कुणाला कळत नाही.

काही वस्तू अशा आहेत, की त्या कोणत्याही संग्रहालयात आणता येत नाहीत. डिचोली, सत्तरी आणि पेडण्याच्या डोंगरांवर काजूची लागवड आहे. तेथे कातळातच खोदलेल्या उथळ कुंड्या आढळतात. मार्चपासून मेपर्यंत काजूची बोंडे तुडविण्याचे काम अशा कुंड्यांतून होई. तुडविलेला चोथा वेलीने आवळून त्यावर दगडाचे ओझे ठेवले, की जो स्वच्छ रस थेंबथेंब पाझरतो तो ‘नीरो’. तो उन्हाळ्यात थंडगार पिण्यासारखे दुसरे सुख नाही. तुडविलेला रस काही दिवस आंबू दिला आणि भट्टीवर चढविला, की आधी हलका उराक आणि पुन्हा गाळला म्हणजे फेणी. भट्टीच्या नळीतून निघणारी वाफ थंड होऊन ज्या मातीच्या मडक्यात उतरते, त्यावर सतत गार पाणी ओतीत राहावे लागते. शाळेतील मुले ऊर्ध्वपातन म्हणून जे काचेच्या उपकरणात शिकतात, तेच येथे एक निरक्षर माणूस केवळ हाताच्या अंदाजाने आणि नाकाच्या पारखीने करीत असे. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. दर्जा बाटलीला मिळाला. डोंगरावरील कातळाच्या कुंड्या मात्र पानगळीखाली बुजत चालल्या आहेत.

मिठाचेही असेच आहे. शापोरा नदीकाठच्या आगरवाडा या पेडण्यातील गावाच्या नावातच त्याचा धंदा सांगितलेला आहे. भरतीचे खारे पाणी दरवाज्यातून आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवावयाचे, उन्हाने ते आटवावयाचे आणि शेवटच्या वाफ्यात जमलेले स्फटिक फळीने ओढून ढीग घालावयाचे, एवढेच हे काम. पण त्यात चिखलाची जाण हवी, वाऱ्याची जाण हवी आणि आभाळ कोणत्या दिवशी दगा देईल याचा अंदाज हवा. पावसाळ्यापूर्वी हे जाडे मीठ घरोघर भरले जाई. त्याच मिठात कैऱ्या चेपल्या जात, फणसाचे गरे खारविले जात, बांगडे सुकत आणि उरलेले माडाच्या बुंध्याशी पडे. पुढे गलगंडाच्या निवारणासाठी आयोडीनयुक्त मिठाचा पुरस्कार झाला आणि २००६ साली आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर बंदी आली. आरोग्याच्या दृष्टीने त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु आगरातल्या मिठाचे एक मोठे गिऱ्हाईक त्यामुळे तुटले, मजूर मिळेनासे झाले आणि एकामागून एक आगर ओस पडू लागले.

आता जरा मिरचीकडे वळू. पेडण्यातील हरमलची मिरची प्रसिद्ध आहे. २०२१ साली तिला, जत्रेतल्या गोमंतकीय खाज्याला आणि मिंडोळी केळ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात मिरच्यांचे लाल ढीग लागतात. पावसाळ्याच्या या बेगमीला ख्रिस्ती कुटुंबात ‘पुरुमेंत’ म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. हिंदू कुटुंबात त्याला आगोटीचे सामान म्हणतात. शब्द दोन आहेत, पण टोपलीत जिन्नस तेच पडतात : मिरच्या, कांद्याच्या माळा, चिंच, भिंडाची सोले, सुके मासे. आणि गंमत अशी, की ज्या मिरचीवाचून पेडण्याच्या आमटीची कल्पनाही करवत नाही, ती मिरची मुळात अमेरिकेची. पोर्तुगीज जहाजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. त्यापूर्वी आपल्या जेवणाचा तिखटपणा मिरीवर आणि पिंपळीवर चाले. नव्या फळाला नाव देतानाही लोकांनी जुन्या मिरीलाच हाताशी धरले. काजू, अननस, पपई, पेरू, बटाटा हेही असेच समुद्रापलीकडून आलेले पाहुणे. काजू, अननस, बटाटा हे शब्दही पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आले. एवढेच नव्हे, तर ज्यात पाणी भरावयाचे ती बादली आणि ज्यात माती वाहावयाची ते घमेलेही त्यांच्याच भाषेतून आपल्या घरात शिरले.

येथे पेडणे आणि डिचोलीचा इतिहास थोडा निराळा आहे हे लक्षात ठेवावयास हवे. तिसवाडी, बारदेश, साष्टी हे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे सावंतवाडीकर भोसल्यांचे प्रदेश मात्र १७८१ ते १७८८ या काळात त्यांच्याकडे आले. त्यामुळे या भागातील माजघरांवर पोर्तुगीज अमलाची छाया दोनअडीचशे वर्षे उशिरा पडली. येथील देवळे राहिली, जत्रा राहिल्या, जेवणाच्या रीतीही बऱ्याच जुन्या राहिल्या. परंतु खाद्यपदार्थांना सरहद्द नसते. सणासुदीला किंवा देवाच्या नैवेद्याला जे खतखते होते, त्यात काय काय पडते ते पाहावे : सुरण, कणंग, तिरफळ हे आपले, पण त्याच पातेल्यात मक्याच्या कणसाचे तुकडे, रताळे आणि तांबडा भोपळा हेही पडतात, आणि हे तिघेही मूळचे अमेरिकेचे. जे पातेले आपण अगदी सनातन समजतो, त्यातच जगाच्या प्रवासाची कथा शिजत असते. संग्रहालयात एखाद्या पातेल्यापुढे ही एवढी हकिगत लिहून ठेवली, तरी सोवळ्याओवळ्याच्या पुष्कळशा गैरसमजुती आपोआप विरघळतील.

याच तालुक्यांनी आणखी एक निराळा काळ पाहिला आहे. १९५० नंतरच्या दशकात भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्यातील पत्रादेवीच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सावंतवाडीकडून येणारा माल बंद झाला. ज्या पेडणेकरांचा बाजार आणि सोयरसंबंध हद्दीपलीकडे होते, त्यांच्या ताटावर याचा परिणाम सर्वांत आधी झाला. गोव्यात तेव्हा हॉलंडमधून बटाटे येत, पाकिस्तानातून तांदूळ व भाजीपाला येई, सिलोनातून चहा येई. चार कोसांवरच्या शेतातला बटाटा मिळत नाही आणि साता समुद्रांपलीकडचा मिळतो, असा तो काळ होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तो अध्याय संपला. त्या दिवसांतला एखादा विलायती पत्र्याचा डबा अजूनही जुन्या घरात मिठाचा किंवा मेथीचा डबा म्हणून नांदत असेल. तो डबा म्हणजे राजकीय इतिहासाचा अस्सल कागदच आहे. मात्र तो वाचणारा कोणी भेटला पाहिजे.

अशा वस्तूंचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुने ते सर्वच सोने नव्हते. जाते आणि रगडा पाहून आपण हळहळतो. परंतु ज्या बायांना पहाटेच्या काळोखात उठून पायलीभर दळावे लागे, त्यांनी पिठाची गिरणी गावात आली तेव्हा सुटकेचा श्वास टाकला असणार यात शंका नाही. भात उकडावयाचे म्हणजे धुरात डोळे जाळावयाचे. उकडलेले भात उन्हात पसरावयाचे, ढगाकडे डोळे लावून बसावयाचे, वाळल्यावर व्हायनात कांडावयाचे. एवढे केल्यावर जो उकडा तांदूळ हाती येई, त्याची पेज सकाळी सर्वांना मिळे. पण मडक्याच्या तळाचे शेवटचे शीत ज्या बाईच्या वाट्याला येई, तिचे नाव कोणत्याही फलकावर नसते. शिवाय कोणत्या घरात कोणते भांडे होते, कोणाला कोणत्या विहिरीवर ते भरता येत होते आणि कोणाला येत नव्हते, हाही इतिहासच आहे. संग्रहालयाने सुबक वस्तू मांडाव्यात; पण श्रम आणि भूक गाळून नुसता सुबकपणा मांडला, तर ते हॉटेलच्या दरवाज्यापेक्षा फार निराळे होणार नाही.

मग करावयाचे काय ? उत्तर शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. गोव्यातील हिंदू घरात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात, ती एक प्रकारचे संग्रहालयच आहे. लाकडी चौकटीला नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, चिबूड, तोरिंग ही परसातली फळे टांगतात आणि त्यांच्याबरोबर रानातून आणलेली कांगला, माट्टी, घागऱ्या, लालभडक कवंडाळ आणि पांढऱ्या पानांची शेरवडही टांगतात. यातील काही खावयाची, काही औषधाची, तर काही केवळ ओळखीची. पाहावयास सुंदर, पण तोंडात घालू नये अशी. ही माटोळी बांधण्यासाठी घरातला जाणता माणूस मुलांना बरोबर घेऊन रानात जातो. कोणता वेल कोठे चढतो, कोणते फळ कशाला लागते, कोणाला हात लावावयाचा नाही, हे तो चालता चालता सांगतो. दिवस संपले की माटोळी उतरते. वस्तू टिकत नाही. ज्ञान मात्र एका पिढीकडून दुसरीकडे जाते. बाणावलीच्या दालनात नेमके उलट होण्याचे भय असते. तेथे वस्तू टिकते, पण तिच्याबरोबर बोलणारे माणूस नसले तर ज्ञान निघून जाते. आज माटोळीच्या स्पर्धाही होतात आणि तिच्यातील जिनसा बाजारात विकतही मिळतात. सोय झाली हे खरे; पण रानात जाण्याची वाट त्यामुळे थोडी मोडली.

आणि रानच कोठे पूर्वीसारखे राहिले आहे ? डिचोली तालुक्यात खनिजाच्या खाणींनी डोंगर पोखरले. शिरगावसारख्या गावाच्या शेतांना आणि पाण्याला त्याची झळ लागली. पेडण्यात मोपाच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली आणि भोवतालच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. विकासाला नाके मुरडून चालणार नाही. या तालुक्यांतील तरुणांनाही पोट आहे. परंतु जुने घर विकले जाते तेव्हा विकणाऱ्याच्या मनात किंमत असते, घेणाऱ्याच्या मनात नकाशा असतो, आणि माळ्यावरच्या लाकडी घोडीचा विचार दोघांपैकी कोणाच्याही मनात नसतो.

म्हणून हे काम सरकारी दालनाची वाट न पाहता गावातच सुरू व्हावयास हवे. पेडणे किंवा डिचोलीतील एखाद्या शाळेत एक खोली, तीही नसेल तर एक भिंत, एवढ्याने प्रारंभ होईल. वस्तू पुष्कळ नकोत, पंचवीस पुरेत. मात्र प्रत्येक वस्तूबरोबर एक वही असावी. गावात तिला काय म्हणतात, शेजारच्या गावात काय म्हणतात, ती कोणी घडविली, तिने कोणता पदार्थ होई, तो कोणत्या दिवशी करीत, किती माणसे लागत, आणि ती वापरणे कधी व का थांबले, हे मुलांनी आपल्या आजीला, शेजारच्या कुंभाराला, मिठागरातल्या वृद्ध मजुराला, रेंदेराला विचारून लिहावे. घरातील धर्म कोणता, जात कोणती याचा विचार न करता सर्वांच्या चुलीपर्यंत ही मुले पोहोचावीत. वर्षातून एक दिवस वस्तू काचेबाहेर काढून वापरून पाहावी. विळीवर नारळ खोवला जावा, पायलीने तांदूळ मोजला जावा, साच्यातून शिरवाळे उतरावेत. वस्तूला झीज लागली तरी चालेल. झिजणे हेच तिचे जन्मभर काम होते.

या बाबतीत उशीर मात्र परवडणारा नाही. लाकूड वाळवीपासून वाचविता येते, तांब्याला कल्हई करता येते, फुटलेले मडके जोडताही येते. परंतु ‘हे काय ?’ असे मुलांनी विचारल्यावर माजघरातून बाहेर येऊन ‘शिरवाळे !’ असे सांगणारी आजी आता पुष्कळ घरांतून उरलेली नाही. जेथे ती आहे, तेथे आज संध्याकाळी तिच्या शेजारी वही घेऊन बसण्यासारखे दुसरे निकडीचे काम त्या घरात नसावे. उद्या साचा माळ्यावर तसाच असेल, पण त्याचे नाव सांगणारे कोणी असेलच असे नाही.